मस्टँग, मिसळ आणि ‘दत्तक’ घोडा

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेत मोकळ्या फिरणाऱ्या मस्टँगला मराठीत जंगली घोडा म्हणावे की रानटी घोडा? आणि अमेरिकेत लोक हे घोडे दत्तक घेतात म्हणतात, ते मराठीत चालेल का?’

दोन्ही नकोत. जंगली नको, कारण अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या ज्या माळांवर यातले जवळपास निम्मे घोडे चरतात तिथे जंगल औषधालाही नाही. खुरटी झुडपं आणि खारवट जमीन, बस. रानटी तर अजिबात नको. ती शिवी आहे. नेपाळातलं मुस्तांग निराळं, ते तिबेटी नाव. घोड्याशी त्याचा काही संबंध नाही. मस्टँग नावाची गाडी आणि विमान घोड्यानंतरचे, तेही सोडा. ‘मत्त तुरंग’पासून मस्टँग झाला असं कुणी सांगत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार.

मराठीत ‘रान’ आणि ‘मोकाट’ यांत चोख फरक आहे. रानमांजर वेगळं, मोकाट मांजर वेगळं. पहिलं मुळातच माणसाचं नव्हतं. दुसऱ्याचे पूर्वज कुणाच्या तरी चुलीपाशी झोपत होते. अमेरिकेतले मूळ घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले. मग 1519 मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसने मेक्सिकोच्या किनाऱ्यावर 16 घोडे उतरवले, त्यामागून आणखी आले, त्यांतले सुटले, पळाले, माजले. म्हणजे मस्टँग हा मोकाट घोडा. ‘मोकाट म्हटलं की उकिरड्यावरची गुरं आठवतात’ असा आक्षेप येतो. आठवू देत. शब्दाचा दोष नाही, गावाचा आहे.

खरा संताप मात्र ‘मस्टँग जातीचा जातिवंत घोडा’ या शब्दांचा येतो. बातम्यांत, चित्रांखालच्या ओळींत, सगळीकडे हेच. मस्टँग ही जात नाही, आणि त्याला जातिवंत म्हणणं हा तर विनोद आहे, कारण त्याच्या नावाचा अर्थच मुळी सरमिसळ.

मस्टँग आला मेक्सिकोतल्या स्पॅनिश ‘मेस्तेंगो’वरून, शेवटचा ओ इंग्रजीने गिळला. मेस्तेंगो, मेस्तेन्यो म्हणजे ‘मेस्ता’चं जनावर. मेस्ता ही स्पेनमधल्या कास्तिल राज्यातली मेंढपाळांची बलाढ्य संघटना. तिथला राजा दहावा आल्फोन्सो याने 1273 मध्ये तिला सनद दिली. नाव मात्र जुनं, धनगरांच्या बैठकांचं. कळप फिरताना एकाची मेंढरं दुसऱ्याच्या कळपात जायची. बैठकीत ती ज्याची त्याला परत मिळत. ज्यांच्यावर कुणी हक्क सांगत नसे ती बेवारशी ठरत. या मिसळलेल्या जनावरांना लॅटिनमध्ये ‘मिक्स्ता’, त्याचंच मेस्ता झालं. आणि हे मिक्स्ता, आपलं संस्कृत ‘मिश्र’, दोघांची भारत-युरोपीय मुळी एक. मिश्रापासून प्राकृतातून आपण ‘मिसळ’पर्यंत आलो, लॅटिनमधून ते मस्टँगपर्यंत गेले. म्हणजे नेवाडातला घोडा आणि पुण्या-कोल्हापुरातली तर्रीवाली मिसळ हे चुलतभाऊ! गोव्यातल्यांना तिसरा भाऊही ठाऊक असेल: पोर्तुगीज ‘मेस्तिसो’, मिश्र वंशाचा माणूस.

काही विद्वान मेस्ता अरबी ‘मश्ता’पासून, म्हणजे हिवाळी तळापासून, काढतात. ऐकायला गोड आहे. पण मग स्पॅनिशमधल्या ‘मोस्त्रेन्को’ या शब्दाचं काय करायचं? तोही बेवारशी मालालाच लागतो. मेस्तेन्कोमध्ये, म्हणजे मेस्तेन्योच्याच दुसऱ्या रूपात, ‘मोस्त्रार’ म्हणजे दाखवणे हे क्रियापद मिसळून तो झाला, कारण सापडलेला माल चारचौघांत दाखवणं बंधनकारक होतं. सगळा व्यवहार ‘हे कुणाचं?’ या प्रश्नाभोवती फिरतो, थंडीभोवती नाही. हिवाळी तळ हिवाळ्यात ठेवा.

गंमत पुढे आहे. अमेरिकेने 1971 मध्ये या घोड्यांना संरक्षण देणारा कायदा केला. त्यातली व्याख्या काय? सार्वजनिक जमिनीवरचे, डाग (मालकाची खूण) नसलेले आणि कुणी हक्क न सांगितलेले घोडे नि गाढवं. सातशे वर्षांनी मेस्ताचीच व्याख्या, कायद्याच्या इंग्रजीत! आपल्याकडचा 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधीचा. कोंडवाड्यात घातलेलं जनावर सात दिवसांत कुणी सोडवलं नाही तर नोटीस, आणखी सात दिवस वाट, मग लिलाव.

डागावरून आठवलं. सरकारने पकडलेल्या मस्टँगच्या मानेला डाव्या बाजूला द्रव नायट्रोजनने गार केलेल्या लोखंडाने खूण करतात. कातडी जळत नाही, रंगाच्या पेशी मरतात, मग तिथे पांढरे केस उगवतात. खुणेत नेहमीचे आकडे नसतात. एकच कोन निरनिराळ्या दिशांना फिरवून बहुतेक अंक होतात, त्यात जन्मवर्ष आणि नोंदणी क्रमांक. ती वाचायला शिकणं म्हणजे मोडी शिकण्यासारखं, फक्त कागद हलतो आणि लाथ मारतो. मी त्याला ‘गोठडाग’ म्हणतो.

हां, प्रश्न दत्तकचाही होता. नको. हिंदू दत्तक कायद्यात (1956) विधिवत झालेलं दत्तक रद्द करता येत नाही. अमेरिकेत उलट: पहिलं वर्षभर घोडा सरकारचाच. हेळसांड दिसली तर परत नेतात. वर्ष नीट सांभाळल्याचा दाखला देऊन अर्ज केला की मगच मालकीचा कागद. आपल्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. म्हणजे घेणारा पहिलं वर्ष बारगीर, मग शिलेदार. शब्द हवा तर ‘पोसायला घेतला’ म्हणा. दहा वर्षांवरच्या किंवा तीनदा कुणीच न उचललेल्या घोड्याची मात्र विक्री होते, आणि तिथे मालकी लगेच मिळते. भाषांतरकारांनो, ‘पोसायला घेणं’ आणि ‘विक्री’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका.

घोडा पोसायला घेण्याच्या अटीही भाषांतरात हमखास बिघडतात. ‘कोरल’ म्हणजे कुरण नव्हे, पागाही नव्हे. ते कुंपणाचं आवार. दर घोड्यामागे किमान 400 चौरस फूट, मोठ्या न हाताळलेल्या घोड्याला कुंपण 6 फूट उंच, दीड वर्षाच्या आतल्याला 5. काटेरी तार चालत नाही, कारण बुजलेला घोडा ती बघत नाही, तिच्यात घुसतो. निवाऱ्याला छप्पर आणि निदान दोन बाजू. वाहतुकीला उतरत्या फळीची गाडी नाकारतात. घोडा नेणाऱ्यांची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे आणल्याबरोबर मोठ्या कुरणात सोडणं: मग तो महिनोन्महिने हाती लागत नाही. दुसरी चूक खुराकाची. माळावरच्या वाळल्या गवतावर वाढलेल्याला एकदम धान्य घातलं की पोटशूळ उठतो, खुरांना सूज येते. आधी साधं वाळलं गवत, मग हळूहळू बाकीचं. आणि पहिल्या दिवशी घातलेली मोरकी काढायचीच राहिली तर वाढत्या शिंगराच्या नाकावर ती रुतते.

आणि लिहिताना ‘मस्टँग’ लिहा. ‘मुस्टंग’ नको.