घड्याळाच्या जुन्या मनोऱ्याची डागडुजी करताना सिमेंट का टाळतात?

प्रश्न दगडी मनोऱ्याचा असल्याने सांगतो की, दगडांच्या सांध्यांत भरलेला चुना ओल बाहेर सोडतो, तर सिमेंट ती अडवते आणि मग क्षार साचून सांध्याऐवजी दगडच झडू लागतो. मात्र चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होत असल्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, ओली गोणपाटे न लावता सांधे भरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. दगड एकमेकांना जखडणाऱ्या, गंजून फुगणाऱ्या लोखंडी खिळींऐवजी स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्यात. तडे आधी लेझर स्कॅनने मोजून घ्यावेत. घड्याळाचे यंत्र शक्यतो जुनेच ठेवावे, चावी देण्यापुरती मोटर चालेल. पोलादी लंबक 20 अंशांच्या तापमानवाढीने दिवसाला सुमारे 10 सेकंद मागे पडतो, तो बिघाड समजू नये.