नदी आणि काठची झाडी यांचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ नेमकं काय करतो?

रॉबर्ट बेश्टा यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातले वन-जलशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. म्हणजे मूळ विषय पाणी, गाळ, प्रवाह. १९९६ मध्ये ते अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लमार खोऱ्यात गेले, तेव्हा नदीचे काठ ढासळलेले दिसले. काठाला कॉटनवुडची (पॉपलरच्या कुळातलं झाड) म्हातारी झाडं होती, पण तरणं झाड जवळजवळ नाहीच!

मग खोडांच्या जाडीवरून आणि वाढवलयांवरून झाडांची वयं काढली. नवी झाडं तयार होणं १९२० च्या दशकानंतर जवळपास थांबलेलं. तिथले लांडगे संपवले गेले तेही त्याच सुमारास. लांडगे नसल्याने एल्क हरणं काठची रोपं निवांत खात राहिली, मुळं गेली आणि काठ सुटला, असा त्यांचा निष्कर्ष. १९९५-९६ मध्ये ३१ लांडगे परत आणून सोडले गेले होतेच. त्यानंतर बेश्टा आणि सहकारी विल्यम रिपल वर्षानुवर्षं तीच झाडी मोजत राहिले.

‘लांडग्यांनी नद्या बदलल्या’ ही गोष्ट मात्र जरा जास्तच गोड करून सांगितली जाते. कोलोरॅडोच्या संशोधकांनी २० वर्षांच्या प्रयोगानंतर २०२४ मध्ये दाखवलं, की जिथे बीव्हरचे (ओढ्यांवर बांध घालणारा उंदराच्या जातीचा प्राणी) बांध गेल्यामुळे भूजल खाली गेलंय, तिथे नुसती चराई कमी होऊन विलो (पाण्याकाठची झुडपं) फारसे सावरत नाहीत.

तेव्हा या क्षेत्रात यायचं असेल तर जलशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र दोन्ही शिका. आणि हो, गमबूट लागतीलच.