‘विश्वसनीयता’ माणसाची की नोंदींची?

प्रश्न असा आला आहे: ऐरोलीत त्याच त्या लोकांचा रक्तदाब दर आठवड्याला मोजणाऱ्या गटाच्या फॉर्मवर ‘विश्वसनीय व्यक्ती: होय/नाही’ असा रकाना आहे. आकडे फार वरखाली झाले की ‘नाही’वर खूण करायची. ‘रिलायबिलिटी’साठी, म्हणजे मोजलेल्या आकड्यांवर कितपत विसंबता येतं हे सांगण्यासाठी, हे चालेल का?

शब्द बरोबर आहे, जागा चुकली आहे. बी.एड., मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘विश्वसनीयता’च रूढ आहे, पण ती नोंदींची. माणसाला ‘विश्वसनीय नाही’ म्हटलं की त्याच्या सचोटीवरच बोट ठेवलं जातं. रक्तदाब हलतो म्हणून एखाद्या आजींच्या नावापुढे असं लिहिणं हा शुद्ध अन्याय आहे.

शिवाय विश्वसनीयता एका माणसावरून ठरतच नाही. ती म्हणजे एकूण फरकातला माणसामाणसांतल्या खऱ्या फरकाचा वाटा. समजा, माणसामाणसांतलं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरले आहेत, याचं माप) 15 आणि एकाच माणसाच्या नोंदींतलं 8 आहे. वर्ग करून 225 आणि 64, एकूण 289; 225 भागिले 289, म्हणजे 0.78. तेच यंत्र, मोजणाऱ्या त्याच ताई, पण सगळे साधारण सारख्याच रक्तदाबाचे, माणसामाणसांतलं विचलन फक्त 5. मग 25 भागिले 89, जेमतेम 0.28. मोजणं बिघडलेलं नाही, गट बदलला.

आजींचा रक्तदाब खरंच उतरला का, हे मात्र त्या 8 वरून कळतं. दोन सुट्या नोंदींत साधारण 22 चा फरक पडल्याशिवाय बदल ठामपणे सांगू नये (1.96 × √2 × 8; 1.96 हा 95 टक्के खात्रीचा गुणक, √2 नोंदी दोन म्हणून). वेगवेगळ्या दिवसांच्या चार-चार नोंदींच्या सरासऱ्या ताडल्या, तर 11 पुरतो. एकाच बैठकीत चारदा पट्टा फुगवून हा फायदा मिळत नाही, कारण त्या दिवसाची धावपळ चारही आकड्यांत उतरते.

अहवालात ‘आंतरव्यक्ती’ आणि ‘अंतर्व्यक्ती’ ही जोडी टाळा. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधलं, ‘अंतर्देशीय’ पत्र देशातल्या देशात. भेद पक्का आहे, पण टंकताना एक काना सुटला की अर्थ उलटतो. ‘व्यक्तीव्यक्तींमधील’ आणि ‘एकाच व्यक्तीतील’ लिहा. यंत्र दरवेळी 10 जास्तच दाखवत असेल, तर नोंदी विश्वसनीय असूनही चूक. आकडा खरा असण्याच्या गुणाला ‘यथार्थता’ किंवा ‘सप्रमाणता’ म्हणतात.

रकान्याचं नाव ‘नोंद ग्राह्य: होय/नाही’ करा आणि शेजारी कारण लिहायला जागा ठेवा: 5 मिनिटं शांत बसणं झालं नाही, जिना चढून आल्या आल्या मोजलं, पट्टा दंडाला लहान पडला (आकडा जास्त येतो), हात हृदयाच्या पातळीखाली लोंबत होता, मोजताना बोलणं चालू होतं.