वाचक विचारतात : बैलाचे जू आणि वैमानिकाचे ‘योक’

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक असून घरची थोडी शेती अजूनही बैलांवरच करतो. माझा नातू विमान चालविण्याचे शिक्षण घेत आहे. त्याने पाठविलेल्या छायाचित्रात वैमानिकासमोर अर्धवट तोडलेल्या चाकासारखी एक मूठ दिसते आणि तिला ‘योक’ म्हणतात असे तो सांगतो. शब्दकोशात पाहिले तर योक म्हणजे जू. बैलाच्या मानेवरचे जू वैमानिकाच्या हातात कसे गेले?

उत्तर : गुरुजी, आपल्या गोठ्यातील जू आणि नातवाच्या हातातील योक हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. संस्कृतात जुवाला ‘युग’ म्हणतात. प्राकृतात त्याचे ‘जुअ’ झाले आणि मराठीत जू. लॅटिनमधील ‘युगुम’, ग्रीकमधील ‘झिगॉन’ आणि इंग्रजीतील ‘योक’ हे त्याच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत. म्हणजे इंग्रजीने तो आपल्याकडून उचलला नाही आणि आपणही इंग्रजीकडून घेतला नाही. बैल जुंपणाऱ्या पूर्वजांकडून तो दोघांकडे वेगवेगळ्या वाटांनी आला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ‘युनक्त सीरा वि युगा तनुध्वम्’ अशी हाक आहे. नांगर जुंपा, जुवे पसरा, असा तिचा अर्थ असून पेरणीची सांगणीही लगेच पुढे येते.

आपल्यासमोर जुवाचे वर्णन करणे म्हणजे गावच्या पाटलाला गावची शीव दाखविणे. परंतु ज्या वाचकांनी ते केवळ चित्रात पाहिले आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जू हे वशिंडाच्या पुढे, दोन्ही बैलांच्या मानांवर आडवे बसणारे लाकूड होय. त्याच्या टोकांकडे शिवळा म्हणजे उभ्या खुंट्या असतात, गळ्याखालून सापत्या म्हणजे पट्टे बांधतात आणि मध्यावर नांगराची किंवा गाडीची दांडी दोराने आवळलेली असते. कोळपणीचे जू लांब असते, कारण बैलांना पिकाच्या ओळी न तुडवता त्यांच्यामधून चालायचे असते. मात्र जुवाची खरी करामत मधल्या बांधणीत आहे. दोन बैल सारख्या ताकदीचे नसतील, तर ती बांधणी बळकट बैलाकडे किंचित सरकवायची. दोन्ही मानांमधले अंतर 72 इंच धरले आणि बांधणी मध्यापासून 3 इंच सरकवली, तर एका बाजूला 33 आणि दुसऱ्या बाजूला 39 इंच उरतात. आखूड बाजूच्या बैलावर सुमारे 54 टक्के आणि लांब बाजूच्या बैलावर 46 टक्के ओढ येते. तरफेचा हा नियम पाठ्यपुस्तकात वाचण्यापूर्वी तो शेतकऱ्याच्या हाताला ठाऊक होता. एक बैल मागे राहिला की जू तिरपे होते आणि दुसऱ्याला ते आपल्या मानेवर तत्काळ कळते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, विमानात तिचीच गरज पडणार आहे.

इंग्रजीत ‘योक’ हा शब्द विमानाच्या कितीतरी आधीपासून दोन गोष्टी जोडणाऱ्या कोणत्याही आडव्या तुकड्याला लावला जात होता. होडीच्या सुकाणूच्या माथ्यावर बसवलेल्या आणि दोन टोकांना दोर बांधलेल्या आडव्या दांडीलाही योकच म्हणत. सुरुवातीच्या विमानांत तर जू अक्षरशः माणसाच्या खांद्यावर आले होते. अमेरिकेच्या ग्लेन कर्टिस यांनी 1909 साली फ्रान्समधील रेम्स येथे ज्या विमानातून शर्यत जिंकली, त्यात वैमानिकाच्या खांद्यांना टेकणारी एक चौकट असे. विमान एका बाजूला कलवायचे असेल तर वैमानिकाने आपले अंग त्या बाजूला झुकवायचे. पुढे डेपेर्द्युसँ या फ्रेंच कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी रचना रूढ झाली. तिच्यात वैमानिकाच्या पायांवरून जाणारी, उलट्या ‘यू’ अक्षरासारखी कमान असून तिच्यावर चाक बसवलेले असे. ही कमान पाहणाऱ्याला जुवाची आठवण न होणे कठीणच. आता कमान गेली आहे, पण नाव राहिले आहे.

आजचे योक ओढले की शेपटीवरील आडवी झडप हलून विमानाचे नाक वर येते, ढकलले की खाली जाते आणि चाकासारखे फिरवले की पंखांच्या मागच्या कडेवरील एलेरॉन नावाच्या झडपा हलून विमान कलते. नातू सेस्ना 172 वर शिकत असेल, तर त्याच्या आणि शिक्षकाच्या पुढ्यात एकेक योक असेल. नातवाने आपले ओढले की शिक्षकाचेही त्याच क्षणी मागे येईल. बोइंग 737 मध्येही दोन्ही योक आतून एकमेकांना जोडलेले असतात आणि एक अडकले तर जोर लावून दुसरे मोकळे करता येते. माझ्या मते योक या नावाला खरा न्याय आकारापेक्षा या जोडणीने मिळतो.

बोइंगच्या 777 आणि 787 या विमानांत वैमानिकाची आज्ञा तारांमधून विजेने जाते. तिथे मोठ्या योकची यांत्रिक गरज उरलेली नाही, तरीही कंपनीने ते जोडीने हलणारेच ठेवले. एअरबसने उलट वाट धरली. 1988 साली सेवेत आलेल्या ए-320 मध्ये प्रत्येक वैमानिकाच्या बाहेरच्या हाताशी एक छोटी दांडी असते आणि एकाने आपली हलवली तरी दुसऱ्याची जागची हलत नाही. दोघांनी एकाच वेळी हलवल्या तर संगणक दोन्ही आज्ञांची बेरीज करतो आणि सूचनेचा आवाज देतो. एका बटणाने दुसऱ्याची दांडी निष्क्रियही करता येते. रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ए-330 हे एअरबस विमान 1 जून 2009 रोजी अटलांटिक महासागरात कोसळून 228 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा या रचनेवर पुष्कळ चर्चा झाली. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या, स्वयंचलित नियंत्रण सुटले आणि एक सहवैमानिक दांडी मागे ओढत राहिला. जोडलेले योक असते तर ते शेजाऱ्याच्या हाताला जाणवले असते. मात्र त्या अपघाताची कारणे अनेक होती आणि एअरबसची हजारो विमाने याच रचनेवर रोज सुखरूप उतरतात, हेही सांगितले पाहिजे. गल्फस्ट्रीम जी-500 या छोट्या जेटमध्ये आता दांड्याच विजेने एकमेकींना जोडल्या आहेत, म्हणजे योक काढून टाकल्यावर जू पुन्हा आणले आहे.

प्रश्न : आम्ही वसईचे. चर्चमध्ये ‘माझे जू आपणावर घ्या, ते सोयीचे आहे’ हे येशूचे वचन ऐकतो. मराठीत मात्र जू झुगारून द्यायचे असते. मग ते ‘घ्या’ असे कसे म्हणता येईल? भाषांतरात दुसरा शब्द बरा दिसला नसता का?

उत्तर : ताई, आपली शंका रास्त आहे, आणि बायबलमध्येच जुवाच्या दोन्ही बाजू आहेत. शलमोन राजाचा मुलगा रहबाम प्रजेला म्हणतो की, माझ्या बापाने तुमचे जू जड केले, मी ते आणखी जड करीन. आणि त्या उद्दामपणापायी त्याचे राज्य दुभंगते. यिर्मया संदेष्टा मानेवर लाकडी जू घेऊन बाबेलच्या सत्तेचे चिन्ह म्हणून हिंडतो, हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा ते मोडून टाकतो आणि त्याला उत्तर मिळते की लाकडाच्या जागी आता लोखंडाचे जू येईल. रोमन लोकांना तर पराभूत सैन्याला जुवाखालून वाकून जायला लावण्याची रीत ठाऊक होती. इ.स.पू. 321 मध्ये इटलीतल्याच सॅम्नाइट लोकांनी ती खुद्द रोमन सैन्यावरच चालवली. दोन भाले उभे आणि एक आडवा बांधला की जू तयार.

परंतु यहुदी परंपरेत जुवाचा आदराचा अर्थही होता. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये बेन सिराचा ग्रंथ आहे. त्याच्या शेवटच्या अध्यायात ज्ञानाच्या जुवाखाली मान द्यावी असा उपदेश आहे, आणि तो येशूच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा आहे. ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणणे म्हणजे स्वर्गाच्या राज्याचे जू स्वीकारणे, असे पुढे मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहाने सांगितले. आपल्या कोकणातील बेने इस्रायल या यहुदी समाजाने शतकानुशतके जी थोडी प्रार्थना जपून ठेवली तीही शेमाच. आणि गंमत अशी की हे लोक व्यवसायाने तेली होते. सहा दिवस घाण्याला बैल जुंपणारे आणि शनिवारी सोडणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. येशूच्या वचनात ‘सोयीचे’ या जागी ग्रीकमध्ये ‘ख्रेस्तोस’ हा शब्द आहे. चांगला, मायाळू, उपयोगी अशा त्याच्या छटा आहेत. ज्याने बैलाची खांदेसूज पाहिली आहे त्याला ‘सोयीचे जू’ याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदमळणी करतात ती याचसाठी.

हिंदू परंपरेने हीच प्रतिमा मनाला लावली. ‘युज्’ म्हणजे जुंपणे या धातूपासूनच योग शब्द आला. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात ज्ञानी लोक ‘मन जुंपतात, बुद्धी जुंपतात’ असे म्हटले आहे, आणि कठोपनिषदात ज्याचे मन ‘अयुक्त’, म्हणजे न जुंपलेले, त्याची इंद्रिये द्वाड घोड्यांसारखी सारथ्याला जुमानत नाहीत.

आता शब्दाविषयी. मराठीत या एका वस्तूच्या वाट्याला फार निरनिराळी नशिबे आली आहेत. जोखड म्हटले की पारतंत्र्य आठवते, त्यामुळे तो शब्द येथे चालणार नाही. धुरा हाही मुळात जुंपलेल्या जनावराच्या खांद्यावरचाच भार, ‘धुरंधर’ म्हणजे तो वाहणारा. पण आज धुरा पक्षाची असते, संस्थेची असते, आणि ती एका मोठ्या माणसाच्या खांद्यावर दिली जाते. उरतो तो जू हा शब्द. त्याला शेणामातीचा वास आहे, तो जडही आहे, पण तो उच्चारताच दोन माना डोळ्यांसमोर येतात. भाषांतरकाराने तोच ठेवला हे मला बरोबर वाटते.