प्रयोगशाळेतले प्रश्न : ही अँटिबॉडी कोणतं टोक धरते?

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरला एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मानवी ट्रान्सफरिन रिसेप्टरची, म्हणजे सीडी७१ची (रक्तात लोह वाहणाऱ्या ट्रान्सफरिनला पेशीवर धरणारं प्रथिन), एच६८.४ ही अँटिबॉडी मागवली. के५६२ या मानवी रक्तकर्करोगाच्या पेशींच्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून हवं ते अँटिबॉडीने शोधायची चाचणी) ९५ किलोडाल्टनच्या जवळ सुरेख बँड येतो. पण त्याच पेशी जिवंत असताना फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) चालवल्या की आलेख आयसोटाइप कंट्रोलवर, म्हणजे हे प्रथिन न ओळखणाऱ्या अँटिबॉडीच्या आलेखावर, जाऊन बसतो. उजव्या कडेला तेवढा थोड्या पेशींचा छोटा ढीग दिसतो. सर म्हणतात अँटिबॉडी खराब आहे, कंपनीला कळवा. कळवू का?

उत्तर : नको कळवूस. चोर सोडून संन्याशाला फाशी होईल.

हा रिसेप्टर ७६० अमिनो आम्लांचा. त्याची मांडणी जरा उलटी असते. सुरुवातीचं टोक, साधारण पहिली ६७ अमिनो आम्लं, पेशीच्या आत. मग पडद्यातून जाणारा छोटा भाग, आणि उरलेला सगळा मोठा गोळा बाहेर. लोह घेऊन आलेलं ट्रान्सफरिन चिकटतं ते या बाहेरच्या गोळ्याला. एच६८.४ मात्र आतली शेपटी ओळखते. साल्क इन्स्टिट्यूटमधल्या ट्रोब्रिज यांच्या गटाने शेपटीविरुद्धच्या या अँटिबॉडीज मुद्दाम बनवल्या आणि १९९२ साली प्रसिद्ध केल्या. वेस्टर्नमध्ये तू पेशी फोडतेस, एसडीएस हे डिटर्जंट घालून प्रथिन उलगडतेस, म्हणून शेपटी हाती लागते. फ्लोमध्ये पेशी जिवंत, पडदा शाबूत. दाराची आतली कडी बाहेरून कशी दिसणार?

तुझा तो उजवीकडचा ढीग मला फार आवडला. त्या बहुधा मेलेल्या पेशी. पडदा फाटला, अँटिबॉडी आत शिरली, शेपटी सापडली. खात्री करायची असेल तर नळीत प्रॉपिडियम आयोडाइड (फाटक्या पडद्याच्या पेशींतच शिरणारा लाल रंग) घाल; ढिगातल्याच पेशी लाल झाल्या तर तुझी अँटिबॉडी ठणठणीत आहे, हे सरांना आलेखावरच दाखवता येईल.

आता पुढे काय करायचं ते तुला नक्की काय मोजायचंय त्यावर आहे. पेशीतला एकूण रिसेप्टर हवा असेल तर हीच बाटली वापर. पेशी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये फिक्स कर आणि ०.१ टक्का सॅपोनिनने पडदा सच्छिद्र कर. सॅपोनिनची भोकं टिकत नाहीत, ते काढलं की बुजतात. म्हणून अँटिबॉडीच्या बफरमध्ये आणि धुण्याच्या बफरमध्येसुद्धा सॅपोनिन हवंच. इथेच निम्मे लोक अडकतात. आयसोटाइप कंट्रोललाही अगदी हेच सोपस्कार कर, नाहीतर तुलना फुकट.

पृष्ठभागावरचा रिसेप्टर हवा असेल तर बाहेरचा भाग धरणारा क्लोन, म्हणजे वेगळी अँटिबॉडी, घे. ओकेटी९ हे त्यातलं जुनं, मुरलेलं नाव. या अँटिबॉडीचं लक्ष्य म्हणजे ट्रान्सफरिनचाच रिसेप्टर, हे लंडनमध्ये मेल्विन ग्रीव्हज यांच्या गटाने १९८१ साली दाखवलं. काम सगळं बर्फावर. हा रिसेप्टर स्वस्थ बसणाऱ्यातला नाही. ट्रान्सफरिन घेऊन पेशीत जातो, तिथल्या आम्लधर्मी पिशवीत लोह सुटतं, आणि रिकामं ट्रान्सफरिन घेऊन तो परत वर येतो. नळी टेबलावर गरम होत राहिली तर तुझी अँटिबॉडीही त्याच्याबरोबर आत जाईल. पण ओकेटी९ आणली म्हणून ती वेस्टर्नला चालेलच असं नाही. बाहेरचा भाग धरणाऱ्या अनेक अँटिबॉडीज प्रथिनाची घडी मोडली की त्याला ओळखत नाहीत. डेटाशीटवर ‘वेस्टर्न’ लिहिलंय का, ते पैसे भरण्याआधी बघायचं.

आणि ९५ला आलेला बँड खरंच या रिसेप्टरचा आहे का, हा प्रश्न परीक्षक विचारणारच. त्याची तयारी आताच कर. के५६२च्या तीन वेल (प्लेटमधले खळगे) लाव : एक साधी, दुसरीत रात्रभर १०० मायक्रोमोलर डेफेरॉक्सामाइन, तिसरीत १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर फेरिक अमोनियम सायट्रेट. डेफेरॉक्सामाइन म्हणजे थॅलेसेमियाच्या मुलांना साठलेलं लोह काढायला पंपाने देतात तेच औषध. लोह काढून घेतलं की पेशी भुकेली होते आणि रिसेप्टर वाढवते, लोह ओतलं की कमी करते. या रिसेप्टरच्या एमआरएनएच्या (प्रथिन बनवायच्या निरोपाच्या) शेपटाकडे आरएनएच्या पाच गाठी आहेत. लोह कमी असताना एक प्रथिन त्यांना चिकटून एमआरएनए जपतं. लोह आलं की ते सुटतं आणि एमआरएनए तुटतो. तेव्हा डेफेरॉक्सामाइनच्या लेनमध्ये बँड जाड आणि सायट्रेटच्या लेनमध्ये फिका दिसायला हवा. मेम्ब्रेन मधोमध कापून खालच्या तुकड्यावर फेरिटिनची (पेशीत लोह साठवणाऱ्या प्रथिनाची) अँटिबॉडी टाक. तिथे २० किलोडाल्टनच्या आसपास नेमकं उलटं दिसेल. हा एक ब्लॉट प्रबंधात असला की निम्मी तोंडी परीक्षा तिथेच झाली म्हणून समज.

प्रश्न : आमच्याकडे याच अँटिबॉडीने ९५ला एक आणि १९०च्या जवळ दुसरा बँड येतो. दुसरा कसला? (संशोधन सहायक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तोच, जोडीने. हा रिसेप्टर पेशीत जोडीने राहतो आणि ८९ व ९८ क्रमांकाच्या सिस्टीनमधले गंधकाचे बंध ती जोडी बांधून ठेवतात. ते बंध तोडणारं तुमचं डीटीटी शिळं झालंय. ताजं करून बघा. आणि सॅम्पल उकळू नका. पडद्यातली प्रथिनं उकळल्यावर गोळा होऊन जेलमधल्या वेलच्या तोंडाशीच बसतात. ७० अंशांवर दहा मिनिटं पुष्कळ.

प्रश्न : शरीरातलं सर्वाधिक लोह तांबड्या पेशींत, असं आम्ही वर्गात शिकवतो. मग रक्तातल्या तांबड्या पेशींवर हा रिसेप्टर का सापडत नाही? (शिक्षक, चिपळूण)

उत्तर : कारण त्यांची खरेदी संपलेली असते, सर. हिमोग्लोबिन बनतं ते मुख्यतः अस्थिमज्जेत, पेशी कोवळी असताना; तेव्हा तिच्या अंगावर हे रिसेप्टर खच्चून भरलेले असतात. रक्तात उतरलेली कोवळी पेशी, रेटिक्युलोसाइट, उरलेले रिसेप्टर इवल्या पुटिकांत भरून बाहेर टाकते. एक्झोसोम म्हणून आज ज्यांचा गाजावाजा आहे, त्या पुटिका १९८०च्या दशकात याच रिसेप्टरचा माग काढताना सापडल्या. मुलांना सांगण्यासारखं आणखी एक : आपल्याकडचा व्हायव्हॅक्स मलेरिया कोवळ्या तांबड्या पेशींतच का शिरतो, याचं उत्तर २०१८मध्ये मिळालं. तो परजीवी हाच रिसेप्टर धरून आत जातो.

प्रश्न : मला संधिवात आहे, वय ६३. हिमोग्लोबिन कमी, फेरिटिन नॉर्मल, पण ‘सोल्युबल ट्रान्सफरिन रिसेप्टर’ जास्त आला. रिपोर्टमधल्या या नावाची धास्ती बसली आहे. (वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : नावाला घाबरू नका, काकू. वर कोल्हापूरच्या मुलीला सांगितलेल्या रिसेप्टरचा बाहेरचा गोळा पडद्याजवळ, १००व्या अमिनो आम्लाशी, कापला जातो आणि रक्तात फिरतो. तो येतो मुख्यतः मज्जेतल्या कोवळ्या तांबड्या पेशींकडून. त्यांना लोह कमी पडलं की वाढतो. संधिवातासारख्या दाहात फेरिटिन आपोआप चढतं, त्यामुळे लोह कमी असूनही ते ‘नॉर्मल’ दिसू शकतं. या तुकड्यावर दाहाचा तसा परिणाम होत नाही, म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी मागितली असावी. मात्र तांबड्या पेशी लवकर फुटत असतील किंवा थॅलेसेमिया असेल तरीही हा आकडा वाढतो. तेव्हा लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका, हा रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडेच जा. पुन्हा तपासायला सांगितलं तर त्याच प्रयोगशाळेत करा. प्रत्येक किटमधल्या अँटिबॉडीज वेगळ्या, एककंही वेगळी. एका लॅबचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळत नाही.