डिस्क टेस्टमध्ये झोन दर आठवड्याला बदलतोय, जंतू रेझिस्टंट झाला का?

तुम्ही लिहिलंय की खानापूरजवळ मलप्रभेच्या पाण्यातून ई. कोलाय वेगळा काढला, बेळगावच्या कॉलेज लॅबमध्ये जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या डिस्कभोवतीचा झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, आधी २२ मिमी आला आणि पुढच्या आठवड्यात १६. जंतूवर संशय घेण्याआधी हाताची पद्धत तपासा. पेशी खरोखर बदलल्या असतील तर बहुधा झोनच्या आत सुट्या कॉलनी दिसतात. त्या दिसल्या तर भेसळ नाही ना, हे ग्रॅम स्टेनने (जंतूंचे प्रकार ओळखायच्या रंगाने) आधी पाहा. नुसताच आकडा सरकत असेल तर चूक बहुधा पद्धतीतच असते.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक वेळी शेजारी ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा तुलनेसाठीचा प्रमाणित जंतू लावायचा. १० मायक्रोग्रॅम जेंटामायसिनला त्याचा झोन १९ ते २६ मिमीत यायला हवा. तो बाहेर गेला तर त्या दिवशीचे सगळे आकडे रद्द, मग ते कितीही मनासारखे असोत.

सर्वाधिक घोळ होतो तो इनॉक्युलममध्ये, म्हणजे प्लेटवर पसरायच्या जंतूंच्या सस्पेन्शनमध्ये. सस्पेन्शन गडद झालं की झोन लहान येतो, कारण औषध पसरण्याआधीच वाढ दाट होते. ताज्या प्लेटवरच्या चार-पाच कॉलनी सलाईनमध्ये घोळून मॅकफार्लंड ०.५ या गढूळपणाच्या मापाशी जुळवा. डोळ्यावर विसंबू नका. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६२५ नॅनोमीटरला वाचन ०.०८ ते ०.१३ यायला पाहिजे. मॅकफार्लंडची बेरियमवाली स्टँडर्ड ट्यूब वापरण्याआधी नीट हलवा, गुठळ्या दिसल्या तर टाकून द्या. सस्पेन्शन १५ मिनिटांत वापरा. स्वॅब नळीच्या भिंतीला दाबून पिळा आणि दर वेळी प्लेट ६० अंशांनी फिरवत तीनदा पसरवा.

दुसरा संशय आगरच्या जाडीवर. मुलर-हिंटन (या टेस्टचा आगर) ४ मिमी हवा, म्हणजे ९० मिमीच्या प्लेटमध्ये मोजून २५ मिली. अंदाजाने ओतलं की जाड प्लेटवर झोन आखडतो, पातळ प्लेटवर फुगतो. टेबल तिरकं असेल तर झोन चक्क अंडाकृती येतो! पीएच ७.२ ते ७.४ ठेवा, आम्ल माध्यमात जेंटामायसिन कमजोर पडतं.

आपल्याकडच्या पावसात प्लेटवर पाणी साचतं. ती इनॉक्युलमआधी झाकण किंचित उघडं ठेवून इन्क्युबेटरमध्ये वाळवा. डिस्कची डबी फ्रिजमधून काढून लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर ओल धरते. वारंवार करंट जात असेल तर अँपिसिलिनच्या डिस्क आधी बाद होतात. एकदा टेकवलेली डिस्क सरकवू नका.

३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवून मोजा. पाचपेक्षा जास्त प्लेटा एकावर एक रचू नका, मधल्या उशिरा तापतात.

वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह करूनच टाका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे १५ पौंड दाबाला तापमान १२१ अंशांच्या जरा खालीच राहतं. व्हॉल्व्हशी न खेळता वेळ वाढवा, कचऱ्याला निदान ३० मिनिटं द्या.