भीती वाटली म्हणजे विश्वास कमी पडला, असं कोण म्हणतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. संकटाच्या काळात ख्रिस्ती विश्वासातून धैर्य कसं मिळवायचं, आणि विश्वास असूनही भीती वाटत असेल तर आपलं काही चुकतंय का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्यावरून आमच्या घरात अजून वाद आहे. नाही, तुमचं काहीही चुकत नाही. आणि तुम्हाला तसं कोणी सांगितलं असेल, तर त्यांनी बायबलमधली स्तोत्रसंहिता मन लावून वाचलेली नाही. 88 वं स्तोत्र काढून बघा. रडण्यानं सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

मी नर्स आहे, नगर जिल्ह्यातली. 2021 च्या एप्रिलमध्ये माझी ड्यूटी कोविड वॉर्डात होती. ऑक्सिजनचे सिलिंडर संध्याकाळपर्यंत पुरतील की नाही, याचा हिशोब सकाळीच मांडावा लागायचा. चर्चमधल्या उपासना बंद होत्या. आमचे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, रोज संध्याकाळी फोनवर सगळ्या नातेवाइकांना जोडून प्रार्थना घ्यायचे. वाचन ठरलेलं असायचं, 91 वं स्तोत्र. काळोखात फिरणारी मरी, बाजूला हजार पडले तरी तुला काही होणार नाही, ते सगळं. वाचून झालं की सांगायचे, विश्वासणाऱ्यानं घाबरणं म्हणजे सैतानाला दार उघडून देणं. लस आणि दवाखाना यांचं नावही त्यांना नको असायचं.

आईला ताप आला तेव्हा ती गावी होती. फोनवर रोज म्हणायची, ‘मी बरी आहे गं, तू तुझं बघ.’ आवाज मात्र तुटत होता. ड्यूटी संपवून मी तशीच गाडी काढली आणि गावी जाऊन बोटाला मशीन लावलं. ऑक्सिजन 84. बसल्या जागी धाप लागत होती, आणि हे दोन दिवसांपासून चाललं होतं. सांगितलं का नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘भाऊजींना वाटलं असतं, माझा विश्वास डळमळला.’

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. जन्मभर देवाच्या घरात वावरलेली बाई श्वास लागतोय हे सांगायला घाबरली. तिला मरणापेक्षा मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, लोकांची जास्त भीती वाटली. याला विश्वास म्हणायचं असेल तर मला तो नको.

तिला आमच्याच वॉर्डात आणली. दुसऱ्या रात्री सलाईन बघायला गेले तर माझा हात धरून हळूच म्हणाली, ‘मला मरायची भीती वाटते.’ मी पीपीई किटमध्ये, तिला माझे डोळेसुद्धा धड दिसत नव्हते. उपदेश मला सुचला नाही. गेथशेमाने आठवलं, वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची ती बाग. दर उत्तम शुक्रवारी ऐकतो, पण त्या रात्री प्रथमच पोटात उतरलं. प्रभू येशू त्या बागेत घाबरला होता. हा प्याला टळू दे म्हणून त्यानं बापाकडे विनवणी केली. पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना म्हणाला, माझ्यासोबत जागे राहा. देवाचा पुत्र सोबत मागतो आणि आपण मागायची नाही? मी आईला एवढंच म्हटलं, ‘जे मला सांगितलंस तेच त्याला सांग.’ तिनं सांगितलं. साध्या शब्दांत, रडत.

त्यानंतर ती लपवेनाशी झाली. श्वास लागला की लगेच सिस्टरला हाक मारायची, आणि त्या आजारात माणूस वाचायला त्याचा फार उपयोग असतो. ऑक्सिजन वाढावा म्हणून पालथं झोपायला लावायचो, ते तिला अजिबात सहन होत नव्हतं, तरी झोपायची. शेजारच्या खाटेवरच्या वारकरी आजी पालथं व्हायला तयारच नव्हत्या. त्यांना आम्ही सगळ्या समजावून थकलो. शेवटी आईच म्हणाली, ‘मलाही भीती वाटते हो. आपण दोघी एकदम वळू.’ आणि वळल्या. धैर्य कसं मिळतं असं विचारताय ना, मला ते असं मिळताना दिसलं.

आई वाचली. पण ती वाचली म्हणून माझं म्हणणं खरं ठरतं, असं नाही. त्याच वॉर्डात तितक्याच कळकळीनं प्रार्थना करणारी माणसं गेली, त्यांचा विश्वास कमी होता असं माझ्यासमोर कोणी म्हणू नये.

काकांना मी तेव्हाच विचारलं होतं आणि इथंही विचारते. 91 व्या स्तोत्रातलं वचन प्रभूला कोणी ऐकवलं? मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय बघा. मंदिराच्या शिखरावर उभं करून सैतानानंच ते म्हणून दाखवलं, उडी टाक, दूत तुला झेलतील. प्रभूनं उडी टाकली नाही. काका म्हणाले, तू शिकलीस म्हणून वाद घालतेस. पण ही कसली शिकवण, की औषध घेणाऱ्याचा देवावर भरवसा नाही?

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाई, त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात उपासमारीनं गेले. भूक काय करते हे त्या बाईला कोणी सांगायला नको होतं. तरी 1897 च्या सुमारास त्या मध्य प्रांतातल्या दुष्काळात गेल्या आणि सुमारे 300 मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून मुलींना केडगावला नेलं. प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे हाल होतात हे दिसल्यावर वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाबही विचारला. प्रार्थना त्या करतच होत्या, पण विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना हाताला काम शिकवलं. देव राखील म्हणून हातावर हात ठेवून त्या बसल्या नाहीत.

तुम्ही नेमकं काय करावं? भीती कशाची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे नेमकं सांगता येणार नाही. प्रार्थनेत भीतीचं नाव घेऊन बोला, गुळमुळीत बोलू नका. जो ऐकून घेईल आणि तुमचा विश्वास मोजत बसणार नाही, असा एक माणूस मंडळीत शोधा. पाळकसाहेबच असले पाहिजेत असं नाही, आमच्याकडे पाळकबाई जास्त ऐकून घेतात. आणि एक राहिलं. झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरला दाखवा, गोळ्या दिल्या तर घ्या. आमच्या मंडळीतल्या कितीतरी बाया हे वर्षानुवर्षं लपवतात, कारण घरात एखादे काका असतातच.